आईच्या परकराची वेल



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग उन्हाळा... असो. आज लिहिणार आहे ते निम्मं घरातलं आणि निम्मं इतिहासातलं आहे. मी काही इतिहासाची बाई नव्हे, जन्मभर मराठी शिकवलं. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा तळ गाठल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याहून जास्त माझ्या सुनांना माहीत आहे. :)

तर झालं असं. माझी आई १९२६ सालची. म्हणजे यंदा तिची शंभरी. ती नाही, पण येत्या दिवाळीत आम्ही सगळी भावंडं, मुलं, नातवंडं जळकोटला जमणार आहोत. मोजली तर एक्केचाळीस डोकी होतात. पुण्याच्या नातीने फोनवरून फर्मान काढलं, "आजी, त्या दिवशी सगळ्यांनी एकसारखं घालायचं. पणजीच्या वाकळेत तो लाल वेलीचा तुकडा आहे ना, तीच वेल छापून घ्यायची. नुसती छातीवर नाही हं. बाह्यांवर, पाठीवर, कापडभर!"

वाकळ म्हणजे काय हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोधडी समजावी, पण जाडजूड, जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालून दोरा भरलेली. आई दहा वर्षांची असताना तिला उदगीरच्या बाजारातून चिटाचा परकर आणला होता. तेव्हा आमचा हा सगळा मुलूख निजामाचा, उदगीर बीदर जिल्ह्यात, व्यवहार हाली रुपयात आणि बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरीचा नाका. तो परकर आईला आखूड झाल्यावर धाकट्या मावशीच्या अंगावर आला आणि पार विरल्यावर वाकळेत गेला. वाकळेचे वरचे थर कितीदा बदलले, पण दीड वीत लांबीचा हा तुकडा आईने प्रत्येक वेळी उसवून पुन्हा मधोमध लावला. विचारलं की सांगायची, "रंगाऱ्याच्या हातचं आहे ते. ठशानं छापलेलं."

मला वाटलं, तुकड्याचा फोटो काढून दिला की काम झालं. नात चार ठिकाणी विचारून आली तर चौघांनी चार वाटा दाखवल्या. एक म्हणाला लाकडी ठसे करा, दुसरा म्हणाला स्क्रीन प्रिंटिंग, तिसरा सब्लिमेशन, चौथा डिजिटल. माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, वय वर्षं ऐंशी, त्यांनी निकाल देऊन टाकला, "स्वस्त असेल ते करा आणि वाकळेला कात्री लावू नका."

स्वस्ताचा अनुभव आम्ही एकदा घेतलेला आहे. तीन वर्षांपूर्वी घरच्या सहलीसाठी भाच्याने एका शहरातून सगळ्यांचे टी-शर्ट छापून आणले होते. निळं आभाळ, ढग, पक्षी, अंगभर चित्र. दिसायला झकास. पण हात वर केला की काखेत पांढरे पट्टे! बाहीच्या शिवणीपाशी चित्र तुटलेलं, गळ्याजवळ सुरकुतीएवढी कोरी रेघ. आणि मे महिन्यात ते अंगात घालून परळी-औंढा केलं तेव्हा प्रत्येक जण आपापल्या तंबूत बसल्यासारखा उकडून निघाला. छापणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पूर्ण छपाईत असं होतंच."

असं का होतं हे मला आत्ता कळलं. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई 'संप्लवन' शिकवायच्या. कापूर किंवा डांबरगोळी वितळत नाही, घनाची थेट वाफ होते. सब्लिमेशन म्हणजे तेच. नक्षी आधी कागदावर विशिष्ट रंगांनी छापतात, कागद कापडावर ठेवून सुमारे दोनशे अंश उष्णतेला मिनिटभर दाबतात. रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते आणि तिथेच बसते. रंग वर थापलेला नसल्याने तो तडकत नाही, पोपडा निघत नाही. फ्रान्समध्ये १९५७ च्या सुमाराला नोएल द प्लास यांनी ही युक्ती शोधली. पण अट अशी, की धागा पॉलिएस्टरचा हवा आणि कापड पांढरं किंवा अगदी फिकट. सुती धाग्यात ही वाफ टिकत नाही. आणि शिवलेला सदरा यंत्राखाली दाबला की जिथे घडी पडेल तिथे वाफ पोचत नाही. आमच्या काखेतले पट्टे ते हेच.

म्हणजे खोट छपाईत नव्हती, क्रमात होती. आधी शिवलं, मग छापलं. जुन्या लोकांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण ते ठाणच्या ठाण छापत आणि मग शिंप्याकडे बेतायला देत. अंगभर नक्षी हवी तर कापडभर नक्षी हवी, इतकं ते सरळ होतं.

आता ठशांकडे वळू. आपल्याकडे हे काम भावसार, रंगारी, छिपे यांचं. सागवान किंवा शिसवाच्या लाकडावर नक्षी कोरायची आणि कापडावर एकाला एक लावून ठसे उमटवत जायचं. मी इतकी वर्षं समजत होते की ठशाला लाल रंग लावून लाल छापतात. तसं नव्हे! कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. मग जिथे लाल हवं तिथे ठशाने तुरटी लावायची, जिथे काळं हवं तिथे लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी. तुरटीचा ठसा जवळजवळ दिसतच नाही. नंतर सगळं कापड आलीच्या मुळ्यांबरोबर उकळायचं, की जिथे तुरटी तिथे लाल फुटतं आणि बाकीचं कापड धुण्यात आणि उन्हात पुन्हा उजळतं. म्हणजे रंगारी जे छापायचा ते दिसायचं नाही आणि जे दिसायचं ते छापलेलं नसायचं. (बीएच्या वर्गात अलंकार शिकवताना हे उदाहरण माहीत असतं तर!) ही आल आपल्याकडच्या काळ्या जमिनीत मुद्दाम लावत, तीन-चार वर्षं वाढू देत आणि मग खोल खणून मुळ्या काढत. जुन्या चोपड्यांच्या बांधणीचा लाल खारवा असाच रंगवलेला असे.

या कापडाने एके काळी जग वेडं केलं होतं. बुऱ्हाणपूरची आणि मच्छलीपट्टणची छापील, रंगवलेली कापडं इराणपासून युरोपपर्यंत जात. बुऱ्हाणपूरच्या या व्यापाराबद्दल टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. इंग्रजांनी आपली 'छींट' उचलून तिचं 'चिंट्झ' केलं. धुतलं तरी रंग जात नाही, ही गोष्ट तिकडे नवलाची होती. मग तिथल्या विणकरांचं पोट मारलं जाऊ लागलं. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने आपली छापील कापडं वापरायला आणणं थांबवलं आणि १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणंच गुन्हा ठरवलं. १७१९ साली तर लंडनचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे झगे ओरबाडत होते, शाई फेकत होते. फुलाफुलांच्या परकरापायी केवढा हा दंगा!

बंदीचा शेवट मात्र त्यांच्याच फायद्यात झाला. बंदीच्या सावलीत तिकडे छपाई वाढली आणि १७८३ मध्ये टॉमस बेल या स्कॉटिश माणसाने रुळाच्या छपाईचं पेटंट घेतलं. तांब्याच्या रुळावर नक्षी खोदायची, रूळ रंगातून फिरवायचा, एका पात्याने वरचा जादा रंग निपटायचा आणि खाचेत उरलेला रंग कापडावर उमटवायचा. माणूस दिवसभर ठसे मारून जेवढं छापेल तेवढं हा रूळ बघता बघता छापायचा. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम रंग गवसला, १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत केला आणि आमच्या आलीचं शेत संपलं. कारखान्यातून डब्यात येणारा लाल असताना चार वर्षं थांबून मुळ्या खणणार कोण? मुंबईत नौरोसजी वाडियांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग सुरू केली ती सूत रंगवण्याच्या लहानशा कामाने, आणि त्या रंगांतही लाल होता, 'टर्की रेड'.

एवढं वाचून झाल्यावर मी ठाम झाले, की वेल छापायची तर ठशानेच. आईच्या अंगावर जे होतं तेच. नातीला तसं कळवलंसुद्धा.

आणि मग घात झाला. माझ्या जावेचे भाऊ मुंबईच्या एका गिरणीत छपाई खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते इथेच राहिले. ते सहज आले होते म्हणून कौतुकाने वाकळ पुढे टाकली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग मागितलं, तुकड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे ठशाचं नाही. रुळाचं आहे."

मी म्हटलं, "अहो, आई सांगायची."

"सांगत असतील. पण हे बघा. पानाची शीर केसाइतकी बारीक आहे. लाकडात एवढी बारीक रेघ टिकत नाही, तांब्यात टिकते. पाकळीची सावली बघा, बारीक ठिपक्यांची आहे. ठसा असता तर मधे कुठं तरी सांधा दिसला असता, एक ठसा दुसऱ्यावर चढला असता. इथं सांधाच नाही. आणि ही रेघ दिसते का?"

वेलीला छेदून उभी, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक लाल रेघ होती. मी जन्मभर तिला दोऱ्याचा दोष समजत होते.

"पात्याला खाच पडली की तिथून रंग निसटतो आणि अशी रेघ लांबच लांब जाते. आमच्याकडं असा ताका निघाला की मुकादम जी शिवी घालायचा ती तुमच्यासमोर सांगता येत नाही."

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. गोष्ट एवढीशी, पण आईचं एक वाक्य खोटं ठरल्यासारखं वाटत होतं. मग हळूहळू विचार केला. रंगाऱ्याच्या दुकानातून आणलं म्हणून ती रंगाऱ्याचं म्हणत असेल. रंगाचं काम बसल्यावर रंगाऱ्यांनी गिरणीचं कापड विकायला ठेवलं असेल, तर त्यात नवल काय? दहा वर्षांच्या पोरीला परकर मिळाला, वर्षाचा सण झाला, तिने रुळाची चौकशी कशाला करावी? आणि मला ज्या ठशाचा एवढा अभिमान चढला होता तो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आला होता तो यंत्राचा परकर, तोही रेघ पडलेला, बहुधा म्हणूनच स्वस्तात मिळालेला.

एक मात्र झालं. ठशाचा हट्ट सुटल्यावर बाकीचं निवडणं सोपं झालं. पहिला प्रश्न कापडाचा, छपाईचा नंतर. आमच्याकडचं ऊन, घाम, बोअरचं जड पाणी, घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं. सुती सोडून दुसरं काही नको यावर सगळ्यांचं एकमत झालं. (एका नातवाचं झालं नाही. तो कबड्डी खेळतो, त्याला न चुरगळणारं आणि झटपट वाळणारं हवं. त्याचंही खरं आहे.) गंमत म्हणजे हा पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला तो मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. म्हणजे सुती कापड छापणाऱ्यांच्या संस्थेतच सुताचा प्रतिस्पर्धी जन्माला आला.

सूत की पॉलिएस्टर हा वाद आमच्या शेजारी उदगीरला तर फार मोठ्या कापडावरून आहे. तिथे राष्ट्रध्वजाचं खादी कापड विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे तिरंगे तयार होतात. ध्वजसंहितेत अशोकचक्राबद्दल लिहिलं आहे, की ते शक्यतो स्क्रीनने किंवा अन्य रीतीने छापावं, स्टेन्सिलने काढावं किंवा नीट भरतकाम करावं आणि ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. पद्धतीला मोकळीक आहे, पण झेंड्याची उलटी बाजू चालत नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये घरोघरी चकचकीत झेंडे लागले. स्वस्त झाले म्हणून लागले हे मान्य करावं लागेल. तरी हात लावून पाहिल्यावर मला खादीचाच झेंडा झेंडा वाटतो. माझं वय झालं, दुसरं काय.

सुती ठरल्यावर सब्लिमेशन बाद. राहिले दोन. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथली छिद्रं बुजवलेली, आणि वरून रबराच्या पट्टीने ओढलेला रंग. लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांचे टी-शर्ट छापणारे हेच करतात. पण प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. आमच्या वेलीत लाल, काळा आणि पानांचा विटका हिरवा असे तीन रंग. शिवाय पत्रिकेच्या चौकटीत सदऱ्याची पाठ मावत नाही, आणि नेहमीचा चिकट रंग अंगभर थापला तर कापड रबरासारखं होतं. कापडभर स्क्रीन करायची तर लांबच लांब टेबल हवं, नाही तर हॉलंडच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ मध्ये आणलेलं गोल जाळीच्या नळकांड्यांचं रोटरी यंत्र. ते हजारो मीटरसाठी परवडतं. आम्हाला हवं होतं शंभर मीटर.

म्हणून डिजिटल. त्यातही नीट विचारून घ्यावं लागतं, कारण शिवलेल्या टी-शर्टवर छापणारं यंत्र वेगळं आणि ताक्यावर छापणारं वेगळं. आम्ही ताक्याचं घेतलं. 'रिॲक्टिव्ह' रंग असतील याची खात्री केली. १९५६ मध्ये बाजारात आलेले हे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक नातं जोडतात. कापडाला आधी द्रावण लावायचं, छापायचं, वाफ द्यायची आणि सुटा रंग निघून जाईपर्यंत धुवायचं. हिरड्याचं पाणी, उकळी आणि धुणं यांची आठवण झाली की नाही? मला तरी झाली. छापून आलेलं कापड इथले आमचे शिंपी बेतून शिवतील. परकर, फ्रॉक, सदरे, ज्याचं त्याचं.

एक अडचण मात्र कुणी सांगितली नव्हती. गिरणीतले पाहुणे म्हणाले होते, त्यांच्या रुळाचा घेर साधारण सोळा इंच असायचा; तेवढ्या अंतराने नक्षी पुन्हा सुरू होते. आमचा तुकडा तेरा इंचांचा. म्हणजे वेलीचे तीन-एक इंच आमच्याकडे नाहीतच. शेवटचा आकडा कुठे वळतो, तिथे कळी होती की पान, हे सांगायला कुणी उरलं नाही. नातीने ती जागा कॉम्प्युटरवर स्वतः काढली. मला चार नमुने पाठवले, मी दुसरा निवडला. त्यात एक कळी आहे. ती आईच्या परकरावर असेल नसेल.

आणि मग रंग. तुकड्याचा लाल आता विटकरी झाला आहे. पण एका कडेला परकराच्या नेफ्याची दुमड अजून शिवलेलीच होती. दादांचा डोळा चुकवून मी तिचे चार टाके उसवले (कात्री लावली नाही, सुईने काढले). आतला लाल नव्वद वर्षं उजेडात आलेला नव्हता. बघून दचकलेच. कुंकवाचा करंडा उघडल्यासारखा.

आता छापायचा कोणता? दादा म्हणतात विटका, "आपण पाहिला तो हाच." नात म्हणते उजळ. दोन्हींचे हातभर नमुने मागवले, धुऊन दोरीवर टाकले, उजळातून पहिल्या पाण्यात थोडा रंग निघाला, दुसऱ्यात नाही. मग दोन्ही घेऊन उदगीरला मावशीकडे गेले. ती नव्वदीत आहे, फार बोलत नाही. विटका तिने बाजूला ठेवला. उजळ नमुना खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला, कमरेशी धरला आणि विचारलं, "मला बी शिवनार हाव का?"

उजळ ठरला. दादांनी अजून अबोला सोडलेला नाही. कापड आलं की फोटो टाकीन.